एकच चॅनल होतं तेव्हा दिवसभर काय बघायचात? मुंबई दूरदर्शनबद्दल घरातल्या पोरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला सगळे जमले की कोणीतरी रिमोट शोधत असतं आणि कोणीतरी हमखास विचारतंच, मामा तुमच्याकडे एकच चॅनल होतं ना, मग तुम्ही बघायचात काय? मी सांगायला लागतो आणि अर्ध्यात आरती सुरू होते. पुढच्या वर्षी परत तेच. म्हणून यंदा लिहूनच काढलं. मी परळच्या चाळीत वाढलो, त्यामुळे हे सगळं परळच्या खिडकीतून दिसलेलं आहे, पुणेकरांनी आपापलं जोडून घ्यावं. काळ साधारण १९७६ ते १९९०. वेळा मधेमधे बदलत गेल्या, पाच-दहा मिनिटांवरून माझ्याशी वाद घालू नका.

खरंच एकच चॅनल?

हो. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. दिल्लीचं १५ सप्टेंबर १९५९ पासून होतं, म्हणजे तेरा वर्षं टीव्ही ही फक्त दिल्लीवाल्यांची चैन होती. १९७३ मध्ये सिंहगडावरून पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसायला लागले. मुंबईत दुसरं चॅनल आलं १ मे १९८५ ला, पण आमच्या चाळीत तेव्हाही "लाव रे टीव्ही" म्हणजे पहिलंच. चॅनल बदलायला उठून खटका फिरवायला लागायचा आणि तो फिरवायची परवानगी फक्त मालकाला.

मालक कोण?

आमच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीतले अप्पा. मिलमध्ये होते, साच्यावर, म्हणजे मागावर. टीव्हीला लाकडी शटर होतं, कडीकुलपाचं, आणि वर क्रोशाचं विणलेलं कापड. संध्याकाळी ते कापड काकू घडी घालून बाजूला ठेवायच्या, मग अप्पा शटर सरकवायचे, मग बटण, मग मिनिटभर नुसतं गुणगुणणं आणि हळूहळू उजळत जाणारा पडदा. पोरं पुढे मांडी घालून, बाया मधे, बाप्ये दारात आणि गॅलरीत उभे. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. काही चाळींत रविवारच्या पिक्चरला पोरांकडून चार आणे घ्यायचे, अप्पांनी कधी घेतले नाहीत, फक्त बातम्या चालू असताना कोणी बोललं तर बाहेर काढायचे.

दिवसभर काय दाखवायचे?

इथेच तुमचा गोंधळ होतो. दिवसभर काहीच दाखवायचे नाहीत! सुरुवातीची बरीच वर्षं टीव्ही म्हणजे संध्याकाळ. दुपारी लावला तर मुंग्या. संध्याकाळी आधी उभ्या पट्ट्यांचं ते चित्र आणि कानात घुसणारा टूंऽऽ आवाज, आम्ही पोरं तेही बघत बसायचो. मग ती गोल गोल फिरत जुळणारी आकृती आणि शहनाईची धून. ती धून पंडित रविशंकर आणि शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची, आणि चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत झालेलं. १९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं तेव्हापासूनची ही ओळख. ती लागली की खालच्या अंगणातला डाव जिथे असेल तिथे मोडायचा, आऊट कोण होता ते दुसऱ्या दिवशी ठरायचं.

संध्याकाळी साडेसहाला शेतीचा कार्यक्रम? परळला? कोण बघायचं?

सगळे बघायचे, आणि हा प्रश्न विचारताना तुम्ही जे हसता ना ते जरा थांबवा. "आमची माती आमची माणसं" हे नाव तुम्हाला जोक वाटतं. मलाही वाटायचं. कपाशीवर अळी पडली तर काय फवारायचं, कांदा साठवायचा कसा, कोंबड्यांना कुठली लस, आणि समोर एक शास्त्रज्ञ अवघडून बसलेला आणि एक मुलाखत घेणारा जो दर वाक्याला "बरं बरं" म्हणतोय. आम्ही पोरं या वेळात एकमेकांना चिमटे काढायचो कारण आम्हाला पुढचं काहीतरी हवं असायचं आणि जागा सोडली तर गेली.

पण मागे बसलेले लोक कोण होते ते बघा. परळ, लालबाग म्हणजे गिरणगाव. निम्मी चाळ कोकणातली, निम्मी सातारा-सांगलीकडची. प्रत्येकाची गावाला दोन-चार गुंठे ते एकर-दोन एकर जमीन, ती भाऊ बघतोय नाहीतर बायको बघतेय. अप्पांची पाटण तालुक्यात होती. ते कॅलेंडरचं गेलेल्या महिन्याचं पान फाडून ठेवायचे आणि त्याच्या पाठीवर औषधाचं नाव, किती लिटर पाण्याला किती, हे कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचे आणि रविवारी गावाला जाणाऱ्या कोणाच्यातरी हातात ते पान द्यायचे. मी सातवीत असताना मला एकदा लिहायला बसवलं कारण त्यांचा चष्मा फुटला होता. मी "हेक्टरी" ऐवजी "एकरी" लिहिलं. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, हे मला अप्पांनी तेव्हा सगळ्या मजल्यासमोर शिकवलंय, ते मी अजून विसरलेलो नाही.

मग १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार पुढारी दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार. पहिले दोन-तीन महिने लोक रोज बातम्यांना जमायचे, आज काही होतंय का म्हणून. नंतर कमी कमी होत गेले. पावसाळ्याच्या तोंडाला अप्पा गावाला गेले, पेरणीपुरता जातो म्हणून. टीव्ही इथेच राहिला. काकू लावायच्या साडेसहाला, आणि कॅलेंडरचं पान आता त्या फाडायच्या.

रोज हेच असायचं का?

छे. वारांप्रमाणे वाढलेलं ताट. कामगारांसाठी "कामगार विश्व", पोरांसाठी "किलबिल", तरुणांसाठी "युवदर्शन", बायकांसाठी "सुंदर माझं घर", साहित्यवाल्यांसाठी "प्रतिभा आणि प्रतिमा", गाण्यांसाठी "शब्दांच्या पलीकडले", आणि हसायला "गजरा". गजरा म्हणजे छोट्या छोट्या नाटुकल्या आणि प्रहसनं एकत्र गुंफलेली, विनायक चासकर करायचे, त्यातून रंगभूमीवरचे कितीतरी चेहरे आम्हाला पहिल्यांदा जवळून दिसले. "चिमणराव" मालिकेत चिमणराव दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे, त्या दिवशी तर गॅलरीतपण जागा नसायची.

यातलं आपल्यासाठी काय आणि दुसऱ्यासाठी काय असं निवडायची सोयच नव्हती. माझ्या आईने, जिने शाळा चौथीत सोडली, तिने प्रतिभा आणि प्रतिमामध्ये कवींना बोलताना ऐकलंय, भाजी निवडत निवडत. कळायचं का, तर सगळं नाही. पण एकदा एक कवी जात्यावरच्या ओव्यांबद्दल काहीतरी सांगत होते तेव्हा ती हातातली मेथी खाली ठेवून म्हणाली, "ह्ये तर आमच्याकडं येगळं म्हणत्यात." आणि मग तिने ते वेगळं म्हणून दाखवलं. सगळी खोली टीव्ही सोडून तिच्याकडे बघत होती.

मराठी चॅनलवर गुजराती कार्यक्रम कशाला?

मराठी चॅनल नव्हतं ते, मुंबईचं केंद्र होतं. मुंबईत गुजराती किती आहेत बघा की! "आवो मारी साथे" गुजरातीत, पोरांसाठी "संताकुकडी" म्हणजे लपाछपी. हिंदीत तबस्सुमचं "फूल खिले हैं गुलशन गुलशन", सिनेमावाल्यांच्या गप्पा, १९७२ पासून जवळजवळ एकवीस वर्षं चाललं. गुजराती आम्हाला घरात कोणाला येत नव्हतं, बघून बघून समजायला लागलं. पुढे मला कापड बाजारात नोकरी लागली तेव्हा शेटजी फोनवर काय बोलतात ते मला सगळं कळतंय हे त्यांना दोन वर्षं माहीत नव्हतं. यापेक्षा जास्त सांगत नाही.

बातम्या इतक्या काय महत्त्वाच्या?

कारण पेपरनंतर तेवढंच होतं. संध्याकाळी मराठी बातम्या, घड्याळ लावून घ्यायचे लोक त्यावर. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, अनंत भावे, चारुशीला पटवर्धन, स्मिता पाटील, आणि मग वर्षानुवर्षं प्रदीप भिडे. भिडे २०२२ मध्ये गेले तेव्हा माझ्या वयाच्या सगळ्यांना घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं, हे तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल, वाटू दे. स्मिता पाटील जीन्सवरच साडी नेसून बातम्या वाचायला बसायच्या असं सांगतात. आम्हाला दिसायचं ते फक्त टेबलाच्या वरचं, मोठं कुंकू आणि तो आवाज.

आताच्यासारखं मागे सतरा खिडक्या आणि खाली पळणारी पट्टी असलं काही नाही. कागद हातात, वाचता वाचता मान वर, परत खाली. चित्रं कमी कारण तेव्हा फिल्मवर शूटिंग व्हायचं, फिल्म धुवायची, कापायची, मग दाखवायची, त्यामुळे लांबच्या गावातला पूर तुम्हाला ओसरल्यावर दिसायचा. आणि ओरडणं नाही. मोठ्यातली मोठी बातमी त्याच आवाजात. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्या, त्यानंतर किती दिवस पडद्यावर ती अंत्यदर्शनाची रांगच होती आणि मागे सारंगी नाहीतर भजनं. कोणी बंद करा म्हणालं नाही.

"व्यत्यय" म्हणजे काय? मीम बघितलंय.

पाटी यायची. नुसतं "व्यत्यय", हिंदीत "रुकावट के लिए खेद है". कधी फिल्म तुटायची, कधी दिल्लीची लिंक जायची, कधी आणखी काही. ऐन फायटिंगच्या सीनला यायची असा आमचा ठाम विश्वास. आणि आपल्याकडे बिघडलंय का तिकडे बिघडलंय हे ठरवायला पहिलं काम म्हणजे समोरच्या चाळीला ओरडून विचारणं, "तुमच्याकडे आहे काऽऽ?" त्यांच्याकडेपण नसलं की सगळ्यांना एकदम बरं वाटायचं.

आमची आणखी एक अडचण होती. वरळीचा टॉवर, तीनशे मीटरचा, आमच्या गच्चीतून समोर दिसायचा. तुम्ही म्हणाल मग काय, झकास दिसत असेल. उलट! इतक्या जवळ सिग्नल थेटपण येतो आणि आजूबाजूच्या इमारतींवर, गिरण्यांच्या चिमण्यांवर आपटूनपण येतो, तो दुसरा जरासा उशिरा पोचतो, म्हणून प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याचं एक भूत उभं. दोन चिमणराव, दोन गुंड्याभाऊ. मग एकजण गच्चीत अँटेना धरून, एकजण जिन्यात, एकजण टीव्हीपाशी. "आलं काऽ?" "आलं आलं... गेलं!" अँटेनावर कावळा बसला की परत पहिल्यापासून.

दिल्लीचे कार्यक्रम कधीपासून?

१५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम, त्याच वेळी रंगीतपण आलं, दिल्लीतल्या एशियाडच्या, म्हणजे आशियाई खेळांच्या निमित्ताने. तेव्हापासून रात्री साडेआठच्या पुढचा वेळ दिल्लीचा झाला. हिंदी बातम्या, मालिका, इंग्रजी बातम्या आणि उशिरा शास्त्रीय संगीत नाहीतर नृत्य. ७ जुलै १९८४ ला "हम लोग" सुरू झालं आणि मग मराठी कार्यक्रम आपोआप संध्याकाळच्या कोपऱ्यात ढकलले गेले. माझा याच्यावर राग आहे, तो मी लपवत नाही. गावाकडे तर आणखी मजा: १९८४ मध्ये ठिकठिकाणी छोटे ट्रान्समीटर लागले, पण ते दिल्लीचं दाखवायचे. अप्पांनी पत्रात लिहिलं होतं, इकडे तालुक्याला टीव्ही आलाय, हिंदीत शेती दाखवतात, आमची माती दिसत नाही. ज्यांच्यासाठी कार्यक्रम त्यांनाच दिसत नव्हता आणि आम्ही परळला बसून बघतोय!

आमच्याकडे रंगीत १९८८ ला आला. तोपर्यंत काळ्या-पांढऱ्या पडद्यापुढे ती रंगीत प्लास्टिकची काच लावायची, वर निळी, मधे लालसर, खाली हिरवी. बाहेरचा सीन असला तर ठीक, आभाळ निळं गवत हिरवं. बातम्या देणाऱ्याचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी.

ज्ञानदीप काय होतं? आई नेहमी म्हणते.

तुमची आई त्याच्यामुळेच बोलायला शिकली असं मी म्हणतो. आकाशानंद करायचे तो कार्यक्रम. शिक्षण, आरोग्य, व्यसन, अंधश्रद्धा असले विषय, पण भाषण नाही, आणि मुख्य म्हणजे बघून गप्प बसायचं नाही. बघणाऱ्यांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं काढली, जमायचं, चर्चा करायची, पत्रं पाठवायची, काहीतरी काम करायचं. आमच्या चाळीतलं मंडळ दोन वर्षं टिकलं. त्यांनी संडासांच्या साफसफाईची पाळी लावली, जी पाळी गणेशोत्सव मंडळाला वीस वर्षांत लावता आली नव्हती. नंतर अध्यक्ष कोण यावरून फुटलं. एखाद्या टीव्ही कार्यक्रमामुळे तेव्हा पोस्टकार्डं लिहायला लोक रांगेने बसायचे, यात मला आजही विशेष वाटतं.

पिक्चर कधी?

शनिवारी मराठी, रविवारी हिंदी, संध्याकाळी, मधे बातम्यांचा ब्रेक. गाणी गुरुवारी छायागीत, नंतर बुधवारी चित्रहार. कुठला पिक्चर आहे ते "साप्ताहिकी"त सांगायचे, ती बघायला लोक पेन्सिल घेऊन बसायचे. रविवारी दुपारी इतर भाषांमधले पिक्चर, खाली इंग्रजी अक्षरं. मल्याळम, बंगाली, ओडिया. जेवण झालेलं, डोळा लागलेला आणि पडद्यावर एक माणूस पाच मिनिटं नुसता होडीत बसलेला. आम्ही टिंगल करायचो. पण लावलेलं असायचंच.

रामायणाचं खरंच रस्ते ओस पडायचे?

हो हो, ते खरंय. २५ जानेवारी १९८७ पासून, रविवारी सकाळी. काकू टीव्हीला हळदकुंकू लावून उदबत्ती ओवाळायच्या, एकदा तिचा चटका त्या क्रोशाच्या कापडाला बसला, भोक अजून आहे. २८ मार्च २०२० पासून लॉकडाऊनमध्ये परत दाखवलं तेव्हा तुम्ही सगळे माझ्याबरोबर बसला होतात आणि बाण किती हळू जातात म्हणून हसलात.

मग सकाळ-दुपार कधी सुरू झाली?

तुकड्यातुकड्यानं. १५ ऑगस्ट १९८४ पासून दुपारी युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, कॉलेजवाले कार्यक्रम, इंग्रजीतून, बॅक्टेरिया आणि अर्थशास्त्र. त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी निघालं, शाळेच्या पोरांसाठी. २३ फेब्रुवारी १९८७ पासून सकाळचं प्रसारण आणि १९८९ मध्ये दुपारचं. आजारी पडून शाळा बुडवली तरच हे बघायला मिळायचं, त्यामुळे माझ्या डोक्यात युजीसी म्हणजे तापाची गोळी आणि मऊ भात.

बोअर नाही व्हायचं?

व्हायचं की! प्रचंड. मंत्री फीत कापतायत, मंत्री भाषण करतायत, मंत्री परत फीत कापतायत. सरकारी चॅनल, सरकारचीच बाजू, याबद्दल काही शंका नको, आणीबाणीत तर विचारूच नका. मधे वेळ उरला की फिश टँक नाहीतर बागेतली फुलं. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाहीये. एवढंच म्हणतोय की बोअर झालं तरी उठून जायला दुसरं चॅनल नव्हतं, मग बसल्या बसल्या मधुमक्षिकापालन कळायचं.

जाहिराती?

१ जानेवारी १९७६ पासून. आम्हाला कार्यक्रमापेक्षा त्या पाठ.

टीव्हीला लायसन लागायचं हे खरं?

खरं. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, रेडिओसारखंच, छोटं पुस्तक मिळायचं. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. अप्पांचं पुस्तक काकूंनी रेशनकार्डाबरोबर ठेवलं होतं.

हे चॅनल आता कुठंय?

आहे तिथेच, वरळीला. १५ ऑगस्ट १९९४ ला मराठीचं वेगळं उपग्रह चॅनल झालं, ५ एप्रिल २००० पासून त्याचं नाव सह्याद्री. दूरदर्शनच्या फ्री डिशवर महिन्याला काही न भरता दिसतं, छत्री बसवायचा खर्च एकदाच. आता चोवीस तास असतं. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा पहिली ते आठवीच्या पोरांसाठी "टिलीमिली" सह्याद्रीवरच लागायचं, ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता अशा घरांत तीच शाळा. आमच्या कामवाल्या मावशींची नात त्यावर शिकली.

जुने कार्यक्रम बघायला मिळतील?

थोडे. सह्याद्रीच्या आणि प्रसार भारतीच्या यूट्यूबवर काही काही टाकलेलं असतं, शोधायला चिकाटी लागते. बरंचसं गेलं कारण तेव्हा टेप महाग होती, एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा घ्यायचे. त्यामुळे मागच्या दिवाळीत तू विचारत होतीस तो गजऱ्याचा भाग मला मिळालेला नाही. अप्पांच्या कॅलेंडरची पानं मात्र मिळाली, काकू गेल्यावर खोली रिकामी करताना, चौदा पानं, शटरच्या टीव्हीच्या मागच्या बाजूला खोचलेली. त्यातल्या एकावर माझं अक्षर आहे, "एकरी" खोडून वर "हेक्टरी" केलेलं.